आयडाबाईंचा शनिवार

रोली ट्रँटर तसा मनाला लावून घेणाऱ्यांतला नव्हता. ब्राझीलमध्ये कुणीतरी त्याच्या अंगावर जिवंत कोंबडी फेकली होती, तेव्हाही त्याने ती उचलून बाजूला ठेवली आणि गाणं पुरं केलं. पण त्या रविवारी आईकडे जेवायला बसला असताना जे झालं, ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

झालं एवढंच, की आईची मैत्रीण मेव्हिस, म्हणजे रोलीची मेव्हिसमावशी, बटाटे वाढून घेता घेता म्हणाली, "आयडा, तुझा रोलंड परवा टीव्हीवर दिसला हो! एवढाले केस सोडलेले, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी. नक्की करतो काय गं हा?"

"विजेच्या कामात आहे," आयडाबाई म्हणाल्या. "कोबी घे आणखी."

रोलीने काटा ताटात ठेवला. गेली पन्नास वर्षं तो 'पिटहेड' या बँडचा गिटारवाला होता. साधासुधा बँड नव्हे. हेवी मेटल नावाचा जो काही दणदणाट जगात चालतो, त्याचा पाया ज्या दोन-चार टोळक्यांनी घातला त्यांतलं हे एक. फिनलंडमध्ये दाढीवाले बाप्ये त्याचं नाव काढलं की डोळे पुसत. एका प्राध्यापकाने त्याच्या पहिल्या गाण्याच्या पहिल्या चार सुरांवर जाडजूड प्रबंध लिहून ते मध्ययुगीन मठांतल्या प्रार्थनांमधून आले असं सिद्ध केलं होतं. रोलीने आयुष्यात मठ पाहिला नव्हता, पण एवढ्या विद्वान माणसाचं मन कशाला मोडा म्हणून तो हो म्हणाला होता. आणि सख्खी आई म्हणते, विजेच्या कामात!

"आई, तू माझं एकतरी गाणं ऐकलंयस का गं?" त्याने विचारलं.

"तू दिलेली तबकडी आहे की कपाटात."

"पण लावलीस का?"

"तिच्यावर कवटी आहे रे. मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवलीये. घरात एकटी बाई मी, रोज उठून कवटीचं तोंड कुठं बघू?"

"बरं, मग पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला आमचा कार्यक्रम आहे. गाडी पाठवतो. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची देतो."

"वार कोणता?"

"शनिवार."

आयडाबाईंनी मेव्हिसकडे पाहिलं, मेव्हिसने आयडाबाईंकडे पाहिलं. "शनिवारी माझा क्लब असतो," आयडाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. आता हे ज्याला समजत नाही त्याने आमच्या ब्रॉकली हीथमध्ये राहूच नये. शनिवारी कामगार क्लबात बिंगो असतो, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ. राणीसाहेब गेल्या त्या आठवड्यातही बिंगो झाला. फक्त आधी एक मिनिट सगळे उभे राहिले.

आई एक्क्याण्णव वर्षांची. रोली गाडी चालवत घरी गेला तो हाच हिशेब घालत. लाखो लोकांनी ऐकलं, आईने नाही. उद्या ती गेली तर विजेच्या कामातला मुलगा मागे ठेवून जाणार. घरी पोचल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "पॅम, आई माझ्याकडे येत नाही ना? मग मीच तिच्या क्लबात जाऊन वाजवणार!"

पॅम वर्तमानपत्रातून मानही न काढता म्हणाली, "त्यापेक्षा फोन करून सरळ विचार ना. 'आई, मी तुला पसंत आहे का?' एवढंच हवंय ना तुला?"

"तसं काही नाहीये," रोली म्हणाला, आणि बागेत निघून गेला. तसंच होतं, पण असं तोंडावर बोलतात का कुणी?

बागेच्या कुंपणापलीकडे शेजारी फॅनशॉ गुलाब छाटत होते. हे निवृत्त दाताचे डॉक्टर. निवृत्त माणसाला सल्ला द्यायला रुग्ण उरत नाहीत, त्यामुळे तो शेजाऱ्यांवर येतो. "उत्तम कल्पना!" रोलीचा बेत ऐकून ते म्हणाले. "फक्त विजेची गिटार नको. साधी घ्या. ढोल नको. आणि तुमची गाणी नकोत. सगळ्यांना येतं असं काहीतरी वाजवा. आणि मी तुमच्या जागी असतो ना, तर ते केस..." रोलीने त्यांचे आभार मानले आणि घरात आला. हा सल्ला ऐकायचा तर रोलीऐवजी दुसऱ्याच कुणीतरी जाऊन वाजवलं असतं तरी चाललं असतं.

सोमवारी तो क्लबात गेला. क्लबाच्या कार्यक्रमांचे सेक्रेटरी मिस्टर पार्जिटर. छातीवर क्लबाचा बिल्ला, टाय सरळ, आणि चेहरा असा की हा माणूस झोपेतही नियम म्हणत असावा. ब्रॉकली हीथमध्ये महापौर बदलतात, पार्जिटर बदलत नाहीत.

"वाजवायचंय?" पार्जिटर म्हणाले. "सभासद आहात?"

"नाही. पण मी पिटहेडचा—"

"मग आत कसे आलात?"

रोलीला दाराबाहेर उभं करून पुढचं बोलणं झालं. क्लबात वाजवायचं तर सभासद व्हायला हवं. सभासद व्हायचं तर नाव दोन आठवडे फळ्यावर लागायला हवं, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळते. त्यानंतर रविवारी दुपारी कमिटीपुढे चाचणी.

"चाचणी? अहो, मी रिओला दोन लाख लोकांपुढे वाजवलंय!"

"असेल. तिथली कमिटी वेगळी असेल," पार्जिटर शांतपणे म्हणाले.

नाव फळ्यावर लागलं. रोलीला वाटलं, आता पार्जिटर तरी कशावर अडवणार? तर दहाव्या दिवशी फोन आला. एक हरकत आली होती.

"कुणाची?" रोली भडकला. "कोण तो हरामखोर?"

"मिसेस आयडा ट्रँटर," पार्जिटर म्हणाले. "जुन्या सभासद आहेत. शब्द जपून वापरा."

रोली तडक आईकडे गेला. आयडाबाई वाटाणे सोलत होत्या.

"आई! सख्ख्या मुलावर हरकत?"

"मग? तू येणार म्हणजे तुझी ती काळ्या कपड्यांतली पोरं येणार. येऊन बसणार कुठे? माझ्या खुर्चीवर! साठ वर्षं मी त्या खुर्चीवर बसतेय. मेव्हिसच्या खुर्चीवर मागे एक पाहुणा बसला होता, तेव्हापासून तिला एकदाही बिंगो लागलेला नाही. विचार तिला."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे माणूस बायकोशी भांडण मिटवील, पण क्लबातल्या खुर्चीचं नाही. शेवटी मायलेकरांत तह झाला. कुणाला कळवायचं नाही, जाहिरात नाही, पोरं नकोत. केस बांधायचे. गायचं नाही. आणि नऊ वाजता बिंगोआधी गुपचूप थांबायचं. रोलीने सगळं कबूल केलं. रेकॉर्ड कंपनीच्या वकिलांनीही त्याच्याकडून एवढं कधी लिहून घेतलं नव्हतं.

गायचं नाही ही अट सोयीचीच होती, कारण पिटहेडचा गायक पोर्तुगालला राहत होता आणि त्याला विमानात बसून ब्रॉकली हीथला यायचं काही कारण दिसेना. उरले दोघे. ढोल वाजवणारा लेन ग्रिग, ज्याचा खुबा नुकताच बदलला होता, आणि बेस गिटारवाला ट्रेव्हर ओकली, ज्याला उजव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं आणि डाव्याने येत होतं ते त्याला आवडत नव्हतं.

"तुझ्या आईसाठी?" लेन म्हणाला. "लेका, तुझ्या आईने मला लहानपणी झाडूने हाणलंय. येतो मी. तिला दाखवायचंच आहे, काठ्या हातात घेऊन मी काय कमावलं ते."

चाचणीच्या दिवशी त्यांच्याआधी एक गृहस्थ होते, जे शिट्टी वाजवत आणि त्यांचे दोन पोपट मान डोलवत. पोपटांपैकी एकाने मान डोलवली नाही. चीज-कांद्याचे पाव खात कमिटी त्यांना बघत होती. मग पिटहेड उभं राहिलं. मोठमोठ्या मैदानांची मैदानं हादरवणारी ही तीन माणसं कमिटीच्या पाच म्हाताऱ्यांपुढे अशी घामाघूम झाली, की ट्रेव्हर पहिलाच सूर चुकला. वाजवून झाल्यावर कमिटीने खलबत केलं आणि पार्जिटरांनी निकाल वाचला.

"कलाकार हसत नाहीत. कपडे काळे, कुणाचं मयत असल्यासारखं वाटतं. गाणं जरा लांब आहे. पोपटवाल्यांना आम्ही जास्त गुण दिले होते."

रोलीचं तोंड उतरलं.

"पण ते शनिवारी येऊ शकत नाहीत, आणि आमच्या ऑर्गनवाल्या क्लिफर्डचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. तेव्हा तुम्ही या. आणि त्या पेटीकडे लक्ष ठेवा."

पेटी म्हणजे भिंतीवर बसवलेला एक डबा, त्याला तीन दिवे. आवाज बेताचा असला की हिरवा, वाढला की पिवळा, फार झाला की लाल. आणि लाल दिवा थोडा वेळ तसाच राहिला की स्टेजची वीज आपोआप खलास. क्लबामागे नवे फ्लॅट झाले, तिथल्या लोकांना शांतता हवी म्हणून ही पेटी आली. ज्या गावात एकेकाळी लोखंड ठोकल्याशिवाय दिवस उजाडत नव्हता, त्या गावात आता टाळी जोरात वाजली तर पेटीला राग येतो! पेटी बसवणाऱ्या विद्वानाने तारा कशा जोडल्या होत्या देव जाणे, पण स्टेजबरोबर बारमधला बिअर गार करणारा पंप आणि बायकांच्या संडासातला दिवाही जायचा.

शनिवार उजाडला. संध्याकाळी क्लब भरला. आयडाबाई निळा स्वेटर घालून आपल्या खुर्चीवर, शेजारी मेव्हिसमावशी, पुढ्यात दोन ग्लास काळसर माइल्ड बिअरचे, बिंगोची तिकिटं आणि दोन जाड पेनं. रोलीने केस बांधले होते. पार्जिटर माइकवर आले.

"शांतता, कृपया शांतता. कोपऱ्यातले, तुम्हीपण. आज तुमच्यापुढे येताहेत मिसेस ट्रँटर यांचे चिरंजीव आणि त्यांचे दोन मित्र. मीट-पाय आलेत, गरम आहेत, आत मांस आणि बटाटा भरलाय. पण आत्ता उठू नका. चला, टाळ्या."

टाळ्या वाजल्या. पेटी पिवळी झाली.

लेनने काठ्या उचलल्या, तीन वेळा ठोकल्या, आणि पिटहेडने जे जगाला दिलं ते ब्रॉकली हीथलाही दिलं. ग्लास थरथरले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. पेटीने पिवळ्याचा विचारही न करता लाल दाखवला, आणि पुढच्या क्षणी सगळं बंद. गिटार मुकी, बेस मुका, नुसता लेन अंधारात खुबा सांभाळत ठोकतोय. बायकांच्या संडासातून किंचाळी आली. बारवाला ओरडला, "अरे ए! बिअर कोमट होतेय!"

पार्जिटरांनी खटका वर केला. दुसऱ्यांदा सुरू केलं. रोलीने आवाज निम्मा केला होता. बरं चाललं होतं, पण मधे थांबायची एक जागा आली, तिथे कोपऱ्यातल्या कुणाला वाटलं संपलं. टाळ्या पडल्या, लाल दिवा, पुन्हा वीज गेली. या खेपेला संडासातून ज्या बाई बाहेर आल्या त्या त्याच होत्या, आणि त्यांनी स्टेजवर येऊन रोलीला जे ऐकवलं ते त्याने ब्राझीलमध्येही ऐकलं नव्हतं.

पार्जिटर जवळ आले. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. "मिस्टर ट्रँटर, आता आणखी एकदा वीज गेली तर तुम्ही गाडीत आणि तुमचं सामान पायरीवर. हिरव्यात वाजवायचं असेल तर वाजवा. नाहीतर मीट-पाय वाटायला घेतो."

रोलीने आईकडे पाहिलं. आयडाबाई पेनाचं टोपण काढून ते चालतंय का बघत होत्या. म्हणजे आतापर्यंतचं काही त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं.

"हिरव्यात?" लेन कुजबुजला. "रोली, हिरव्यात म्हणजे मला उशीवर वाजवावं लागेल."

"मग उशीवर वाजव! मला आईला एकदा ऐकवायचंय, बस्स. कसंही."

लेनने कोट काढून मोठ्या ढोलात कोंबला, लहान ढोलांवर बारचे टॉवेल टाकले. रोलीने आवाजाचं बटण जवळजवळ शून्यावर आणलं. ट्रेव्हरला तर आपण वाजवतोय की नाही हेच कळेना. आणि तिघेही, ज्यांच्या नावाने अर्धं जग कानठळ्या बसवून घेतं, ते भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे टक लावून, चोरपावलांनी वाजवू लागले. रोलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं झालं पोरं आली नाहीत, असं त्याला मनापासून वाटलं. ठप्प... ठप्प, ठप्प. बोथट, दबका, एकसारखा आवाज. त्यावर ते चार जड सूर, रजईखालून आल्यासारखे.

थोड्या वेळाने त्याने धीर करून आईकडे पाहिलं.

आयडाबाई झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, पेन हातातच.

पन्नास वर्षं वाट पाहिली, हरकत मागे घ्यायला लावली, पोपटांकडून हरलो, आणि माउली झोपली! रोलीचे हात आपोआप थांबले. लेन आणि ट्रेव्हरही थांबले. क्लब शांत झाला.

आयडाबाई एकदम दचकून उठल्या. "काय झालं?" त्या घाबऱ्याघाबऱ्या म्हणाल्या. "थांबला का? कुणाला लागलं का आत?"

"नाही गं आयडा, नाही, कुणाला काही झालं नाही," मेव्हिसमावशीने त्यांचा हात धरला आणि रोलीकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की त्याने गिटार मागे घेतली. "मेल्या, बंद का केलंस? आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा!"

"अगं पण मावशी, ती ऐकायला—"

"ऐकायला काय? घोड्या, तुझा पाळणा ज्या भिंतीला होता ना, तिच्या पलीकडे बेझलीच्या कारखान्याचा लोखंड ठोकायचा यांत्रिक हातोडा होता. रात्रंदिवस चालायचा. तुझा बाप रात्रपाळीला त्याच हातोड्यावर. ही या बाजूला झोपायची. हातोडा पडतोय म्हणजे नवरा धड आहे, ठीक आहे, असं समजायची. मधेच थांबला, की ही उठून दारात. कारखाना बंद झाला आणि तुझा बाप गेला, तेव्हापासून ही बाई धड झोपलेली नाही. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, सगळं झालं. आणि तू तोच वाजवत होतास की रे! मला वाटलं मुद्दाम वाजवतोयस."

ठप्प... ठप्प, ठप्प. स्वतःच्या बोटांकडे बघत रोली नुसता उभा राहिला. ते चार सूर त्याला पहिल्यांदा कुठे सुचले असं जगभर लोकांनी विचारलं होतं, आणि त्याने कायकाय सांगितलं होतं. पण गाभाऱ्यातल्या देवासारखा तो आवाज इतका आत होता, की त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. लेनचंही तसंच झालं होतं, पण तो खुब्याला हात लावून दुखतंय असं दाखवत होता.

आयडाबाई आता पुरत्या जाग्या झाल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा करून स्टेजकडे निरखून पाहिलं.

"तू वाजवत होतास होय रे, रोलंड?"

"हो, आई."

"मला वाटलं कारखानाच सुरू झाला." त्या जराशा लाजल्या. "चांगलं वाजवतोस की. मग आता थांबलास कशाला? चालू ठेव, पोरा."

रोलीने चालू ठेवलं. मधली ती वेगवान करामत, जिच्यासाठी पोरं बोटं रक्ताळून घेतात, ती त्याने गाळलीच. नुसते चार सूर, पुन्हा पुन्हा, हिरव्या दिव्यात. आयडाबाईंनी पेनाचं टोपण लावलं, तिकिटं मेव्हिसकडे सरकवली, हात पोटावर ठेवले. बघता बघता मान कलली.

नऊ वाजले. पार्जिटर बिंगोचं यंत्र ढकलत स्टेजच्या पायरीशी आले. चाकं करकरली, तशा सगळ्या क्लबने त्यांच्याकडे वळून बघितलं. पार्जिटरांनी आयडाबाईंकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग टाय सारखा केला आणि माइकपाशी जाऊन, माइक बंदच ठेवून, पहिल्या दोन रांगांना जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "बिंगो थोडा उशिरा होईल."

कुणी हूं की चूं केलं नाही. मीट-पाय वाटणाऱ्या बाईने ताटल्या खाली ठेवताना प्रत्येकीखाली रुमाल घातला. फ्लॅटवाल्यांना शांतता हवी होती, पण एवढी शांतता त्यांनाही कधी मिळाली नसेल.

"रोली," लेन दातांतल्या दातांत म्हणाला, "माझा खुबा बोंब मारतोय रे. किती वेळ वाजवायचंय?"

रोलीने आईवरून नजर न काढता मान हलवली.

"ती उठेपर्यंत," तो म्हणाला.